मामांच्या डाव्या हाताला पेटी

मामांनी कॅसेट दिली ती जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून. सी-साठ, म्हणजे साठ मिनिटांची. एका बाजूला निळ्या शाईत ‘पुण्यतिथी, १९९२’ असं लिहिलेलं, दुसरी बाजू कोरी. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत हनुमानाचं मंदिर आहे. तिथल्या सभामंडपात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, त्यांच्या मंडळाने खंजेरी भजनं म्हटली होती आणि कोणीतरी समोर टेपरेकॉर्डर ठेवून बटण दाबलं होतं. मामा मुख्य गायक, खंजेरीही त्यांच्याच हातात. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते, आज शहात्तर आहेत. मंडळातल्या सात जणांपैकी आता तिघेच उरलेत.

मामेभावाची मागणी साधी होती. “दादा, इअरफोन लावून आयकलं का सारं डोक्याच्या मधात येऊन बसते. थोडं पसरवता येईन का?”

मी हनुमाननगरला घरच्याच एका खोलीत रेकॉर्डिंग-मिक्सिंगची कामं करतो. एकेक करून माईकवर घेतलेल्या आवाजांची गाणी नेहमीच येतात, पण त्यात गायक वेगळ्या ट्रॅकवर असतो, तबला वेगळ्या. प्रत्येकाला हवा तिथे बसवता येतो. इथे सात माणसं, पेटी, तबला, टाळ, खंजेरी आणि मंदिराचा मंडप, सगळं एकाच धाग्यात वळलेलं होतं.

भावाने सीताबर्डीवरच्या एका दुकानातून कॅसेटची फाइल करून आणली होती, ती आधी ऐकली आणि चकित झालो. ती स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा आवाज देणारी, वाटत होती! मामांचा आवाज थोडा डावीकडे, मग हळूच मधे, टाळ कुठेतरी उजवीकडे तरंगणारे. अर्धा दिवस मी याच समजुतीत होतो की टेपरेकॉर्डर दोन माईकचा असणार. शेवटी दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकले तेव्हा टाळांची धार पार नाहीशी झाली, मामांचे ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले. तो स्टिरिओ नव्हता, तिरप्या हेडचा दोष होता.

हा दोष घरोघरच्या कॅसेट-फाइलींमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा टेपरेकॉर्डर फितीवर एकच रुंद पट्टा उमटवतो. स्टिरिओ डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचं हेड तोच पट्टा दोन अरुंद भागांत वाचतं, म्हणून डाव्या-उजव्याला आवाज एकच यायला हवा. पण कॅसेटची फीत सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर सरकते. त्या वेगाला दहा हजार हर्ट्झच्या एका लाटेला फितीवर पावणेपाच मायक्रॉन एवढीच जागा मिळते. वाचणारं हेड लिहिणाऱ्या हेडच्या तुलनेत केसभर कललेलं असलं तरी एका चॅनेलला लाटेचा माथा भेटतो तेव्हा दुसऱ्याला तिचा खळगा. फीत चालताना किंचित हलते, त्यामुळे हा फरकही हलत राहतो आणि कानाला वाटतं की आवाज फिरतोय. बेरीज केली की वरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

ती फाइल बाजूला ठेवली आणि कॅसेट माझ्या डेकमध्ये घातली. हेड स्पिरिटने पुसलं, दोन्ही चॅनेल मोनोत एकत्र केले, आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव-पाव फेरा करत फिरवत गेलो. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, आणि ऐकायचं म्हणजे कूलर बंद करायचा. घाम पुसत, एका जागी अचानक टाळ लखकन उजळले. तिथे स्क्रू सोडला. आता दोन्ही बाजू खरोखर एकच होत्या. त्यांची बेरीज केल्यावर आवाज दुप्पट होतो, पण फितीची सुरसुर दोन्हीकडे वेगवेगळी असल्यामुळे तेवढी वाढत नाही; आवाजाच्या मानाने ती तीन डेसिबल मागे पडली. म्हणजे स्टिरिओच्या मागे लागलेल्या माझी पहिली कमाई होती एक स्वच्छ, निखळ मोनो ट्रॅक. टेपरेकॉर्डर आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो, त्या ऑटो लेव्हलमुळे मामा थांबले की मंडपाचा गलका फुगून वर यायचा; तो हाताने, ओळ-ओळ पकडून खाली बसवला. त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

मग पसरवायला घेतलं.

सगळ्यात हाताशी असलेला उपाय म्हणजे एक बाजू जरा उशिरा सोडणं. १९४९ साली हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने दाखवलं की तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला तर कान त्याला दोन आवाज मानत नाही. जो आधी पोचला त्याच्या दिशेने एकच आवाज ऐकू येतो, फक्त भरीव होऊन. मी डावी बाजू तशीच ठेवली, उजवी वीस मिलिसेकंद मागे सरकवली, आणि तोल डावीकडे जाऊ नये म्हणून उजवी तीन-चार डेसिबल चढवली. हेडफोनमध्ये काय उघडलं ते! पहिल्यांदाच मंडप असल्यासारखा वाटला. मी त्याच रात्री फाइल भावाला पाठवली.

दुसऱ्या दिवशी महालात गेलो तेव्हा मामा ती फाइल ब्लूटूथच्या एका छोट्या डब्यावर ऐकत बसले होते. त्या डब्यात स्पीकर एकच, म्हणजे डावं-उजवं आतल्या आत मिसळलेलं. मामांचा आवाज मडक्यात तोंड घालून म्हटल्यासारखा. पेटीचा एक सूर दबलेला, शेजारचा उसळलेला.

“हे कायले असं केलं?” मामांनी विचारलं. रागावून नाही. त्यांना खरंच वाटलं की कॅसेट खराब झाली.

कारण कागदावर मांडलं की लगेच कळतं. वीस मिलिसेकंदांचा उशीर मूळ आवाजात मिसळला की २५ हर्ट्झला खड्डा पडतो, मग ७५ला, १२५ला, १७५ला, असा दर पन्नास हर्ट्झवर एकेक, आणि अधल्यामधल्या जागी उंचवटे. फणीच्या दातांसारखं. पुरुषाचा आवाज आणि पेटी त्या पट्ट्यात सापडली की सुटत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हेडफोनमधल्या त्या रुंदीने भुरळ घातली होती. आणि मामांसारखे ऐकणारे हेडफोन लावतच नाहीत. ते डब्यावर ऐकतात, मोबाइल पालथा ठेवून ऐकतात, देवळातल्या भोंग्यावर ऐकतात. मामांचं रेडिओचं सगळं वय आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवर गेलं. १९४८ साली सुरू झालेलं नागपूर केंद्र त्यांच्याएवढंच आहे, आणि तो सगळा आवाज मोनोच होता. त्यांना कधी काही कमी वाटलं नाही. त्या आवाजाला धक्का लावून मिळालेली रुंदी मला नको होती.

त्या दिवशी चहा झाल्यावर मी सहज विचारलं, “मामा, तुम्ही लोकं बसायचे कसे?”

मामा काही न बोलता स्वयंपाकघरात गेले आणि वाट्या घेऊन आले. खाली फरशीवर बसले, मी समोर. स्वतःच्या पुढ्यात एक पितळी वाटी ठेवली. “हा मी. खंजेरी माह्या हातात.” एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी. मागे चार वाट्या, अर्ध्या गोलात: टाळ घेऊन मागे धरणारे. त्यातल्या एका वाटीवर त्यांनी दोन बोटं ठेवली आणि थोडा वेळ तशीच राहू दिली. मग तिला जरा मागे सरकवलं. “हा थोडा मांगं बसे. आवाज लय मोठा होता त्याचा.”

मी फोनवर फोटो काढला. तोवर मी ‘मोनोला पसरवायचं’ एवढाच विचार करत होतो. आता प्रश्न बदलला. आवाज कुठेही पसरवायचा नव्हता. या वाट्या जिथे होत्या तिथे प्रत्येकाला परत बसवायचं होतं.

त्यासाठी आवाज वेगळे करायला हवेत. हल्ली गाण्यातून गळा, ताल, बेस आणि बाकीची वाद्यं वेगळी काढणारी सॉफ्टवेअर आहेत. मी डेमक्स वापरलं. ती मुख्यतः पाश्चात्त्य बँडच्या गाण्यांवर शिकलेली, त्यांना खंजेरी काय ठाऊक! गळ्याच्या ट्रॅकमध्ये मामा आले, मागचे चौघे आले, आणि पेटीचे लांबवलेले सूरही आले. तालात तबला, खंजेरी आणि टाळ एकत्र. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा बेसमध्ये. पेटीचा ट्रॅक एकटा ऐकला तर पाण्याखालून वाजल्यासारखा, मधेच तुटणारा.

एकटे ऐकलं तर निराशा होते, पण एक गोष्ट हाताशी असते. हे चारही तुकडे परत एकत्र केले की जवळपास मूळ आवाजच मिळतो. एका तुकड्यातून गळालेलं दुसऱ्यात असतंच. म्हणून तुकडे एकमेकांपासून फार लांब नेले नाहीत तर तुटकेपणा झाकला जातो. पेटी पूर्ण उजवीकडे टाकली की तिची भोकं दिसतात. थोडीशीच सरकवली की कान ती जागा स्वीकारतो.

सरकवण्याचाही एक हिशेब मी धरून ठेवला. तबल्याला डावीकडे ७० भाग, उजवीकडे ३०. पेटीला उलट. मामांना ५०-५०. प्रत्येकाची बेरीज शंभरच. बहुतेक सॉफ्टवेअरमधलं आवाज डावी-उजवीकडे सरकवणारं पॅनचं बटण असं वागत नाही, कारण ते कडेपासून मधेपर्यंत आवाजाची ताकद सारखी ठेवायला बघतं आणि मग मोनो केल्यावर मधले आणि कडेचे यांचं प्रमाण बदलतं. म्हणून ते बटण सोडून दोन्ही बाजूंचे आकडे हाताने लावले. याचा फायदा असा की एकाच स्पीकरवर सगळं मिसळलं तर कॅसेटवर होतं तेच प्रमाण परत येतं. कोणाचा सूर पडत नाही.

ताल मात्र अडला. त्यात मामांच्या हातातली खंजेरी मधे हवी आणि तबला कडेला. तबल्याचं मुख्य अंग खालच्या-मधल्या पट्ट्यात, खंजेरीच्या चकत्यांची खणखण सहा हजार हर्ट्झच्या वर. तिथे पट्टा कापला, वरचा मधे ठेवला, खालचा सरकवला. खंजेरीच्या चामड्याची थाप त्यामुळे थोडी तबल्याबरोबर गेली. ते तसंच राहू दिलं. खालचे सगळे सूर, सुमारे दीडशे हर्ट्झपर्यंत, मधेच ठेवले. पट्टे कापून डावं-उजवं करायचा मोह इथे फार होतो, पण तो जुना मार्ग आहे आणि त्याचा परिणामही माहीत आहे: १९६१ पासून कॅपिटल रेकॉर्ड्सने डुओफोनिक नावाने मोनो रेकॉर्डी अशाच स्टिरिओ केल्या होत्या. एका बाजूचा बेस कापायचा, दुसऱ्या बाजूची वरची पट्टी कापायची, वर थोडा उशीर. ऐकताना एक कान चोंदल्यासारखा वाटतो.

राहिले मागचे चौघे. ते मामांच्याच ट्रॅकमध्ये मिसळलेले, वेगळे निघेनात. आणि ते तर अर्ध्या गोलात पसरलेले हवे होते. इथे मला डेन्मार्कच्या होल्गर लॉरिड्सन यांची १९५४ची युक्ती कामी आली, जिच्यावर पुढे १९५८ मध्ये मानफ्रेड श्रोडर यांनीही काम केलं. आवाजाची उशिरा केलेली प्रत घ्यायची, ती डावीकडे मिळवायची आणि उजवीकडून वजा करायची. डाव्या फणीला जिथे दात तिथे उजवीला फट. कान प्रत्येक सुराची बाजू किंचित वेगळी ऐकतो आणि आवाज रुंद होतो. दोन्ही बाजू मिसळल्या की अधिक-उणे उडून जातं, मूळ आवाज जसाच्या तसा हाती लागतो. गणित इतकं देखणं आहे की मी आनंदाने ती प्रत मूळ आवाजाच्या बरोबरीने मिसळली. ब्लूटूथच्या डब्यावर ऐकलं, निर्मळ. मोबाइलवर, निर्मळ.

शनिवारी आरतीनंतर मंदिरात भोंग्यावर लावून पाहिली आणि मामांचा आवाज पुन्हा मडक्यात गेला.

माझा विश्वास बसेना. माईक सांभाळणाऱ्या पोराकडून वायर घेऊन पाहिली तर मोबाइलपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या त्या वायरीत उजव्या बाजूची तार तुटलेलीच होती. “दादा, थे तर कवापासून तशीच हाय. चालते ना,” तो म्हणाला. खरंच चालते. सगळ्यांची भजनं त्यावरच वाजतात. भोंग्याला फक्त डावी बाजू मिळत होती, आणि डावी एकटी म्हणजे नुसती फणी. वजा करणारी बाजू तिथे पोचतच नव्हती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मोनो दोन तऱ्हेने होतो. दोन्ही बाजू मिसळून होतो, आणि एक बाजू हरवूनही होतो. मिक्सिंगवर जे काही वाचलं-ऐकलं होतं त्यात भर पहिल्यावरच असायचा. आपल्याकडे मांडवात, देवळात, लग्नाच्या हॉलमध्ये दुसरा प्रकार किती सर्रास असतो! तेव्हापासून मी प्रत्येक मिक्स तीनदा तपासतो: मिसळून, फक्त डावी, फक्त उजवी. प्रत्येक बाजूला एकटीला उभं राहता आलं पाहिजे.

परत खोलीवर. उशिराची प्रत मूळ आवाजाच्या बारा डेसिबल खाली नेली. आता एका बाजूचा उंचवटा दोन डेसिबलच्या आत आणि खड्डा अडीचचा. एकटी डावी ऐकली तरी आवाजाची जात बदलत नव्हती. तीनशे हर्ट्झच्या खाली प्रत जाऊच दिली नाही. आणि जिथे मामा एकटे म्हणतात तिथे ती पूर्ण बंद, चौघे धरतात तिथेच उघडी. हे प्रत्येक कडव्याला हाताने आखावं लागलं. पण त्यामुळे एक असं घडलं जे मी योजलं नव्हतं: मामांची ओळ मधून एकटी येते, आणि धृपद आलं की भोवती माणसं बसल्यासारखी वाटतात. ७०-३०चा हिशेबही एकेका बाजूवर तपासला. फक्त डावी वाजली तर पेटी गळ्याच्या मानाने साडेचार डेसिबलच्या आसपास मागे जाते. ऐकू येत राहते. तेवढं चालण्यासारखं आहे.

तरी मंडप नव्हता. सॉफ्टवेअरमधले रिव्हर्ब, म्हणजे जागेचा घुमारा देणारे इफेक्ट, लावून पाहिले. कुठे चर्च, कुठे मोठा हॉल. मामांच्या गल्लीतलं देऊळ कुठल्याच यादीत नव्हतं, आणि खरं देऊळ तर तिथेच होतं. रात्री अकरानंतर पुजाऱ्यांच्या परवानगीने लॅपटॉप, एक स्पीकर आणि माईक घेऊन गेलो. मामांनी दाखवलेल्या जागी स्पीकर ठेवला, तोंड मागच्या भिंतीकडे, म्हणजे सरळ आवाज कमी आणि परतलेला जास्त मिळेल. चांगला माईक माझ्याकडे एकच. पण वाजणारी गोष्ट दर वेळी तीच असेल तर एका माईकचे दोन करता येतात. आधी माईक मंडपाच्या डाव्या खांबाशी ठेवून अख्खी बाजू वाजवली आणि त्याच वेळी टिपली. मग माईक उजव्या खांबाशी नेऊन परत पहिल्यापासून. वाजवणारं आणि टिपणारं यंत्र एकच असल्यामुळे दोन्ही टिपणं अचूक जुळतात. पंखे बंद, मंदिराचं दार लोटलेलं. दुसऱ्या फेरीत बाहेर कुत्री भांडली, तिसरी फेरी घ्यावी लागली. तीस मिनिटांची बाजू तीनदा. संपेपर्यंत दीड वाजला.

मामा त्या रात्री तिथेच बसले होते, भिंतीला टेकून. स्पीकरमधून त्यांचाच चव्वेचाळीस वर्षांचा आवाज त्याच मंडपात घुमत होता. मंडपाला आता टाइल्स लागल्यात, तेव्हा साधी शहाबादी होती, त्यामुळे आवाज थोडा जास्त चकाकतो. घरी येऊन वरचे सूर जरा उतरवले. हे दोन खांबांचे दोन मोनो ट्रॅक डावी-उजवीला, मूळ आवाजाच्या बऱ्याच खाली मिसळले, आणि ७०-३० व लॉरिड्सन करूनही जे येत नव्हतं ते आलं. डोक्याच्या मधात बसलेला आवाज डोक्याबाहेर, समोर जाऊन बसला. डब्यावर तपासला, भोंग्यावर त्याच तुटक्या वायरीने तपासला. मामा मडक्यात गेले नाहीत.

जूनच्या शेवटी, पहिला पाऊस होऊन गेल्यावर, हेडफोन घेऊन महालात गेलो. मामांनी आयुष्यात हेडफोन लावले नव्हते. मी कानांवर बसवून दिले, भावाने फोनवर सुरू केलं. पहिलं भजन त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्याच्या धृपदाला त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरू लागला. मग थांबले, डोळे उघडले आणि डावा हात हवेत उचलला.

“पेटी इकडं होती.”

मी फोनवर वाट्यांचा फोटो काढून दाखवला. “मामा, समोर बसलेल्याला पेटी उजवीकडेच येते. तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे ऐकणाऱ्याच्या उजव्या हाताला.”

मामांनी फोटो बराच वेळ पाहिला. हेडफोन काढले नव्हते, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाले, “थे ठीक हाय. पण मी समोर कवा बसलो होतो बाबू?”

लॅपटॉप सोबत होताच. तिथेच फरशीवर बसून डावं-उजवं अदलाबदल केलेली दुसरी फाइल काढली, तिचं नाव ‘मामा’ असं ठेवलं. मंडळाच्या ग्रुपवर पहिली गेली, आणि ही फक्त त्यांच्या फोनमध्ये. त्यांनी परत हेडफोन लावले, आणि धृपद आलं तसे डाव्या बाजूला, जिथे पेटीवाला बसायचा तिथे, मान वळवून पाहिलं.